छोटी गाडी जाईपर्यंत

तिचे ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. तांदूळ निवडताना, भांडी घासताना, दोरीवर धोतर वाळत घालताना ओठ चालूच. पाहणाऱ्याला वाटे, सून मोठी देवभक्त. मला ठाऊक होतं, ती 'रिसीव्हर', 'कनेक्शन', 'एंगेज्ड' घोकते आहे.

मुलांनो, तुम्ही तिकडे दिवसभर फोनवर इंग्रजीच बोलता, म्हणून तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं. एकोणीसशे साठच्या दशकात मी गोंदियाजवळच्या बालाघाटला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. रेल्वेलायनीला लागून आमची दोन घरं, परसात मध्ये कमरेएवढी भिंत. ती पलीकडच्या घरातली सून, विशीतली, मॅट्रिक झालेली. नवरा मॅंगनीजच्या खाणीवर, रविवारीच यायचा. बाकी दिवस घरात ती आणि ओसरीवर खाटेवर बसलेले सासरे, आबाजी. त्यांच्याकडे सून सासऱ्यासमोर बोलत नसे. काही सांगायचं असलं तर बांगड्या वाजवायची. लग्नाला चार वर्षं झाली तरी आबाजींनी तिचा आवाज ऐकला नव्हता.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाई ऑपरेटर घेणार असं कळलं, त्या दिवशी ती भिंतीशी आली.

"बाई, मले इंग्रजी शिकवा. तिथं कोणी तोंड नाही पाहत. नुसता आवाज लागते."

मी शिस्तीची. रोज पाच शब्द, वहीत स्पेलिंग, अर्थ आणि एक वाक्य. सहा महिन्यांत वही भरली. पाठांतर चोख, पण बोलायला सांगितलं की डोळे ओसरीकडे. "आबाजी हायेत न, बाई."

उपाय तिनंच काढला. दुपारी गोंदियाकडे जाणारी, अरुंद रुळांवरची छोटी गाडी आमच्या मागून धडधडत जायची. रूळ वाजू लागले की ती राखेचे हात तसेच घेऊन परसात धावायची आणि ओरडायची, "नंबर प्लीज! होल्ड द लाइन! ट्रंक कॉल फ्रॉम जबलपूर!" मी भिंतीअलीकडून जबलपूरचा चिडका साहेब व्हायची. "डोंट शाउट, सर!" असं तीच माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडायची. शेवटचा गार्डाचा डबा गेला की वाक्य अर्धवट, तोंडावर पदर. "आज लवकर गेली मेली," म्हणून कुजबुजत तक्रार. मालगाडी आली की मात्र चैन. "लंबी हाये, बाई! पूरा धडा होते!"

मुलाखतीचं पत्र आलं. आबाजींना विचारायला मीच गेले. भांडायच्या तयारीनं गेले होते, पण ते लगेच म्हणाले, "हौ, जाऊ द्या न. एवढी शिकली पोरगी. मी येतो संगं."

एप्रिलचं ऊन होतं. टांग्यातून उतरलो तर कचेरीच्या व्हरांड्यात सावलीचा तुकडा नाही. तिला आत बोलावलं. साहेब सज्जन दिसले, म्हणून दारातून मीच म्हटलं, "वडीलधारे आहेत. आत बसले तर चालेल?" साहेबांनी खुर्ची मागवली. आबाजींना इंग्रजी कळत नाही, मग संकोच कसला, असा माझा हिशेब. भाषा दुसरी असली तरी आवाज तिचाच असणार, हे मला सुचलंच नाही.

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून तिला धीर दिला.

"व्हॉट इज युअर नेम?"

ओठ हलले.

"अ लिटल लाउडर, प्लीज."

पुन्हा हलले. साहेबांनी कानामागं हात धरला. आबाजी खुर्चीत पुढं झुकून, कौतुकानं, तिच्याकडे पाहत होते. मी दाराशी उभी राहून वेड्यासारखी गाडीची वाट पाहत होते. त्या कचेरीजवळून रूळ जात नव्हते.

तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनं बांगड्या वाजवल्या.

परतताना टांगेवाल्याशेजारी बसलेले आबाजी मागं वळून म्हणाले, "बाई, तुमी एवढं शिकवलं अन् एक शब्द नाही निंगाला तिच्या तोंडातून. काहून?" त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मला उत्तर येत होतं. त्यांच्या वयाकडे पाहून मीही गप्प बसले. माझ्या शेजारी ती वही छातीशी धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीशी हजर. "आजचे पाच?" मी दिले. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, हे दोघींना कळलं होतं. आम्ही दुसरी वही सुरू केली.

दोन वर्षांनी ते सगळे शेती पाहायला हट्टा गावी निघून गेले, त्याच छोट्या गाडीनं. मी परसात भिंतीशी उभी राहिले. त्यांचा डबा समोरून गेला तेव्हा ती खिडकीत होती, समोरच्या बाकावर आबाजी. माझ्याकडे पाहून तिनं तोंड उघडलं आणि जीव तोडून काहीतरी ओरडली. गार्डाचा डबा जाईपर्यंत मी कान देऊन उभी होते. मला एक शब्दही ऐकू आला नाही.