बहिष्कारवाल्याच्या खिशातला चष्मा

पस्तीस वर्षांच्या नोकरीत लोकांच्या खिशांतून मी काय काय निघालेलं पाहिलं. चाकू, दुसऱ्याचं मंगळसूत्र, न पाठवलेली प्रेमपत्रं, एकदा तर जिवंत खेकडा. पण निवृत्तीच्या आधीच्या वर्षी, एका शुक्रवारी, एका मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या खिशातून निघालेला काळा प्लॅस्टिकचा चष्मा काही माझ्या डोक्यातून जात नाही. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी ती हकिकत ऐकवतो. बायको म्हणाली, एकदाची लिहून टाका, म्हणजे आमची सुटका होईल. म्हणून लिहितो आहे. नावं मात्र कुणाचीच देणार नाही.

तेव्हा मी नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळचे सव्वाअकरा झाले होते. आरोपी कोर्टात रवाना करून झाले होते आणि गार झालेले पोहे पुढ्यात घेऊन मी सह्या करत होतो. तेवढ्यात ठाणे अंमलदार एका बाईंना घेऊन आत आला. पन्नाशीच्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. हातात जेवणाचा डबा होता, आणि तो त्या खाली ठेवायला तयार नव्हत्या.

"सायेब, आमचे हे कामावर पोचलेच न्हाईत," त्या म्हणाल्या. "धा वाजता त्यांच्या हापिसातनं फोन आला. तवापासनं फोन लावतीय. आधी नुसता वाजत हुता, आता लागतच न्हाई."

नवरा तुर्भ्याच्या एका कारखान्यात कारकून. घर कोपरखैरण्यात. सकाळी आठला नेहमीसारखा बाहेर पडला होता. मोठा माणूस तीन तास दिसला नाही म्हणून कुणी घाबरत नाही. मी तसं म्हणणार होतो, पण बाई पुढे बोलल्या.

"त्यांना साखरेचा त्रास हाय. सुई टोचून गेलेत. नाश्ता कॅन्टीनला करतो म्हनले. सुई घेतली आन् पोटात काय न्हाई, तर मानूस जागेवर आडवा व्हतो, सायेब. मागं एकदा झालंय."

मी पोहे बाजूला सारले. बेपत्ता माणसाची तक्रार चोवीस तासांनी घेतात, असा लोकांचा समज आहे. तो खोटा आहे. मी लगेच नोंद करायला लावली, वायरलेसवर वर्णन दिलं आणि टॉवर लोकेशन मागवलं. फोन साडेदहापर्यंत वाशीत होता, पुढे बंद. पण वाशीचा तो टॉवर म्हणजे स्टेशन, बाजार, दुकानं, मॉल, सगळंच आलं. दोन बीट मार्शल रस्ते, बाकडी आणि रिक्षा स्टँड बघायला निघाले.

"वाशीत त्यांचं काय काम असेल, ताई?" मी विचारलं. "कुणी मित्र? देऊळ? एखादा सिनेमा?"

सिनेमा म्हटल्यावर त्या हसल्याच जवळजवळ. "आज तर मुळीच न्हाई. आज त्यो पिक्चर लागलाय. ह्यांनी समद्यांना शपथ घातलीय, कुनी बघायचा न्हाई म्हनून."

मग त्यांनी सगळं सांगितलं. हे गृहस्थ तरुणपणी आपल्या बैठ्या घरात पत्र्याच्या ट्रंकेत चित्रकथांची पुस्तकं ठेवत आणि आळीतल्या मुलांना फुकट वाचायला देत. अट एकच, हात धुऊन यायचं. ती मुलं आता बापे झाली होती, पण मोबाइलवर त्यांचा एक ग्रुप होता आणि हे त्यांचे 'काका'. ट्रंकेतला सगळ्यांचा लाडका होता एक मुखवटेवाला नायक. दिवसा तो वीज मंडळात लाइनमन, आणि खांबावर चढलेला असताना अंगात वीज शिरून त्याला शक्ती मिळालेली. त्याच्यावर आधी दोनदा चित्रपट निघाले आणि दोन्ही आपटले. आता तिसऱ्यांदा सगळं नव्यानं सुरू करणार होते, आणि जाहिरातीत दिसलं की या खेपेला तो कोट्यधीशाचा मुलगा आहे. खांब गेला, शिडी गेली, हेलिकॉप्टर आलं. काका महिनाभर धड जेवले नव्हते. त्यांनी ग्रुपवर बहिष्कार पुकारला होता.

मला या उडणाऱ्या माणसांचं कधी कौतुक वाटलं नाही. आमच्या खात्यात जीप पहिल्या फटक्यात सुरू झाली तरी आम्ही नारळ फोडायचो. पण बाईंचं म्हणणं मला पटलं. एवढा कडवा माणूस तिथं कशाला जाईल? मी कागदावर 'सिनेमागृह' लिहिलं होतं, ते माझ्या हातानं खोडलं. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक मीच केली आणि ती अशी, एका रेघेत केली.

बाराच्या सुमारास ठाण्यात फोन आला. बाईंनी ग्रुपमधल्या एक-दोघांना नवऱ्याबद्दल विचारलं होतं, त्यांच्यापैकीच कुणीतरी असणार. नाव सांगितलं नाही. "जुईनगरच्या मोबाइलवाल्याला उचला. काकांशी त्याचं जाम वाजलंय," एवढं बोलून ठेवून दिला.

भांडण खरं होतं. गेल्या आठवड्यात या मोबाइलवाल्यानं ग्रुपवर लिहिलं होतं की निदान एकदा बघू तरी, मग शिव्या देऊ. काकांनी त्याला गद्दार म्हटलं. त्यावर त्याचं उत्तर होतं, 'लय झाली दादागिरी. भेटा एकदा, मग दाखवतो.' मी त्याला दुकानातून आणवलं. पस्तिशीचा, अंगानं भरलेला, कपाळावर घाम.

"सकाळी कुठे होतास?"

"दुकानात, साहेब. नऊपासून. आईशप्पथ."

त्याला आणणाऱ्या हवालदारानं शेजारच्या झेरॉक्सवाल्याला आधीच विचारलं होतं. शटर बारानंतर वर गेलं होतं. मी ते सांगितल्यावर तो म्हणाला, बँकेत गेलो होतो. कुठल्या बँकेत? मग म्हणाला, बँकेत नाही, डॉक्टरकडे. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते. बाहेरच्या बाकावर बाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि मला त्या उघड्या दारातून दिसत होत्या. खरं सांगतो, तेव्हा माझा हात शिवशिवला.

पण त्या माणसात काहीतरी जुळत नव्हतं. गुन्हा केलेला माणूस चौकशीत दाराकडे बघतो. हा सारखा आपल्या चपलांकडे बघत होता. चपलांकडे बघतो तो लाजलेला असतो. पळून जावंसं त्याला वाटत नाही, जमिनीत शिरावंसं वाटतं. एवढा दमदाटी करणारा माणूस लाजतो कशाला, हे मला कळेना.

"खिसे रिकामे कर," मी म्हणालो. हे रोजचंच काम. पाकीट, किल्ल्या, एक बारका पेचकस टेबलावर आला. एका खिशावर त्यानं हात दाबून धरला. हवालदारानं तो बाजूला केला आणि आतून जाड काड्यांचा काळा चष्मा काढला.

मला वाटलं, रस्त्यावरचा गॉगल असेल. पण कागद घेऊन आलेल्या आमच्या महिला शिपाई थबकल्या. त्यांना शाळकरी मुलगा आहे, त्यामुळे दर सुट्टीत त्यांचं हेच चालतं. "सर, हा थ्रीडीचा चष्मा आहे," त्या म्हणाल्या. "थिएटरात देतात आणि निघताना परत घेतात. तो पिक्चर आजच लागलाय, सकाळी नऊचा पहिला शो."

मोबाइलवाल्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"गेलो होतो, साहेब," तो म्हणाला. "राहवलंच नाही. ग्रुपवाल्यांनी बघितलं तर वाट लागली असती, म्हणून चष्मा काढलाच नाय. इंटरव्हललापण नाय. निघताना तसाच पळालो."

"आणि काका?"

तो रडायलाच लागला. "काकापण होते. माझ्या पुढे तीन रांगा, कडेच्या सीटवर. तोंडाला रुमाल बांधून. इंटरव्हलला उठले, घामानं भिजलेले, हात थरथरत होते. मागं वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ओळखलं, म्हणून तापलेत. मी सीटमध्ये खाली सरकलो. ते बाजूच्या लाल लाइटच्या दारानं बाहेर गेले, परत आलेच नाय. मला वाटलं, मला बघून निघून गेले."

"अरे, मग मघाशी बोलला का नाहीस?"

"काकू बाहेर बसल्यात, साहेब. सांगितलं असतं तर काका गेले होते हे कळलं असतं. मी गेलो होतो हेपण कळलं असतं."

रागानं माझी कानशिलं तापली. पण ओरडायला वेळ नव्हता. बाईंना, महिला शिपाईंना आणि त्या रडक्याला जीपमध्ये घातलं आणि ते थिएटर असलेला वाशीचा मॉल गाठला.

लाल दिव्याचं ते दार म्हणजे आग लागल्यावर बाहेर पडायचा जिना. आतून ढकललं की उघडतं आणि मागे आपोआप बंद होतं, पुन्हा आत येता येत नाही. मोबाइलला तिथं रेंज नाही. आम्ही दार उघडलं. दोन मजले खाली, जिन्याच्या वळणावर, काका भिंतीला टेकून बसलेले. चप्पल एका पायरीवर, मान छातीवर, शर्ट ओलाचिंब.

बाईंनी हाक मारली. काहीच नाही. पुन्हा मारली. तेव्हा त्यांनी डोळे किलकिले केले आणि काहीतरी पुटपुटले. महिला शिपाईंनी साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं. मी त्या जिन्यावर मटकन बसलो. इतकं हलकं मला बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. संध्याकाळपर्यंत काका उशाला टेकून बसले आणि बायकोची बोलणी खाऊ लागले. "शिव्या घालायच्या तर नीट बघून घालायला नकोत का?" एवढाच बचाव त्यांच्याकडे होता. मोबाइलवाला दाराबाहेर उभा होता, आत यायची हिंमत नव्हती. काकांची नजर त्याच्यावर गेली.

"हात धुतलेस का?" काकांनी विचारलं.

त्यानं होकारार्थी मान डोलावली.

"मग ये की. इंटरव्हलनंतर काय झालं ते सांग."

तो स्टुलावर बसला. "हेलिकॉप्टर बंद पडतं, काका," तो म्हणाला. "मग तो शेवटी खांबावर चढतो. हातानं. आपल्यासारखा." काकांनी डोळे मिटून घेतले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. बाईंनी सकाळपासून धरलेला डबा उघडला आणि दोघांनाही त्यातली भाकरी दिली.

नाव न सांगणारा तो फोनवाला त्याच शोला शेवटच्या रांगेत होता, हे मला पुढे कळलं. अकराजणांच्या त्या ग्रुपातले सातजण आत होते आणि प्रत्येकजण दुसऱ्यापासून तोंड लपवत होता.

या प्रकरणानं मला शहाणं केलं. जो माणूस एखाद्या गोष्टीबद्दल महिनाभर भांडतो, उपाशी राहतो, शपथा घालतो, तो तिच्यापासून लांब गेला असं आपण समजतो. तो तिथंच असतो, दाराशी उभा. उरलेल्या नोकरीत बेपत्ता माणसाच्या घरच्यांना मी नेहमीचे सगळे प्रश्न विचारायचो, आणि शेवटी एक जास्तीचा: कुठल्या ठिकाणी ते मुळीच जाणार नाहीत? उत्तर मिळालं की पहिली जीप तिकडे पाठवायचो.