लाईन बंद केली काय?

माझा धाकटा भाऊ मानोऱ्याजवळच्या आमच्या गावी शेती करतो. मी वाशीमला शाळेत इंग्रजी शिकवते. इंग्रजीतला एकच शब्द किती ठिकाणी कामाला येतो हे मुलांना सांगायचं असलं, की मी 'लाईन' घ्यायची, कारण तो शब्द त्यांच्या घरात आधीच नांदत असायचा. वीज गेली की लाईन गेली. रेशन दुकानापुढे लाईन. जऊळक्याला रेल्वेची लाईन. वाया चाललेलं पोरगं सुधारलं की लाईनवर आलं. मागच्या बाकावरून आणखी एक अर्थ हळूच यायचा, मग वर्ग हसायचा आणि मीही.

गेल्या वर्षी रामनवमीच्या सुमारास मी माहेरी गेले होते. गोठ्यातला दिवा लागत नव्हता. गोठा गावाबाहेर, वावराच्या कडेला. वीज मात्र आमच्या घरातूनच वायर ओढून नेलेली. सकाळी निघताना भाऊ म्हणाला, दुपारून वायर जोडतो, फोन केला की मेन स्विच पाड. मी हो म्हटलं.

तो गेल्यावर शेजाऱ्यांचा ऑटो पोहरादेवीच्या यात्रेला निघाला. ऑटोत दोन जागा होत्या. मायला यात्रेत दर्शन घ्यायचंच होतं, आणि तिला एकटीला पाठवणं बरं दिसेना. मी भावजयीला सांगितलं की त्याचा फोन येईल, तेव्हा बटन पाडा. ती हो म्हणाली. आम्ही निघालो. भावाला कळवायचं मात्र कोणाच्याच मनात आलं नाही.

देवळापुढे ही गर्दी. आम्ही रांगेत बऱ्याच पुढे पोचलो होतो, तेवढ्यात नैवेद्यासाठी दर्शनाची रांग बंद केली. माय डोक्यावर पदर घेऊन तिथंच खाली बसली. भोंगा चालू, डफडी वाजत होती, आणि माझा फोन वाजला.

"ताई, लाईन बंद केली काय?"

मला वाटलं, आम्ही यात्रेत आहोत हे त्याला घरून कळलं असेल.

"हो, आताच बंद केली," मी म्हटलं.

तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. मी मायला सांगितलं, "पाह्य, त्याले आपली काळजी वाटून राह्यली."

पुढचा फोन भावजयीचा आला. तिला नीट बोलता येत नव्हतं. वायरला हात लागताच तो शिडीवरून फेकला गेला होता. खाली कडबा होता म्हणून डोकं वाचलं. उजवा हात भाजला होता. आम्ही दर्शन न घेताच तशाच निघालो. मानोऱ्याच्या दवाखान्यातून त्याला वाशीमला हलवलं, तोवर आम्हीही वाशीमला पोचलो होतो. सबंध रस्ताभर मी स्वतःचं ते वाक्य आठवत होते, आणि त्यात एकही शब्द खोटा सापडत नव्हता.

दवाखान्यात सगळेच आपापल्या अंगावर घेऊ लागले. भावजय म्हणाली, मी त्यांना फोन करून सांगायला हवं होतं. माय म्हणाली, मी हट्ट केला नसता तर ताई घरीच असती. भाऊ म्हणाला, टेस्टर लावून पाहायला पाहिजे होतं, चूक माझीच. कोणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. त्यामुळं मला आणखीच जड झालं.

हात बरा झाला, पण दोन बोटं वाकत नाहीत. दिवाळीला गेले तेव्हा म्हशीखाली भावजय बसली होती. म्हशीला तिच्या हाताची सवय नाही, ती सारखी पाय उचलायची. भाऊ वगार धरून बाजूला उभा होता. पूर्वी तो धार काढताना म्हशीशी बोलत असायचा. दूध काढून भावजय घरात गेली, तेव्हा मी त्याच्याजवळ गेले.

"तू मले काई बोलत काहून नाई? रागाव तरी."

"रागावून बोटं वाकत असती तं रागावलो असतो." त्यानं वगार मोकळी सोडली. ती म्हशीला लुचायला धावली. "मी इचारलं थे खरं होतं, तू सांगतलं थेही खरं होतं. आता कायले उकरतं?"

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. त्यानं ते मनापासून म्हटलं होतं, हेही मला कळत होतं. वगार पिऊन झाल्यावर तो तिचं दावं बांधायला वाकला आणि डाव्या हातानं गाठ मारू लागला. गाठ बसेना. मदतीला हात पुढं करावा की त्याला ते आवडणार नाही, मला ठरवता येईना. मी तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळानं गाठ बसली.