तलंग्यानं बांग दिली

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एका बैठ्या चाळीत मथुरा गावडे राहते. साठीला दोन वर्षं कमी. नवरा काशीराम आधी गिरणीत होता, मग सोसायट्यांच्या गेटवर वॉचमन, आता घरीच. दाराशी पत्र्याचं खुराडं, त्यात सहा-सात कोंबड्या. चाळीत कोंबड्यांतलं काही विचारायचं झालं तर मथुरेला विचारायचं, आणि तिनं सांगितलेलं निमूट ऐकायचं. वाद घातलात तर तुमची काही खैर नाही.

सूर्य उगवतो म्हणून कोंबडा आरवतो असं कुणी म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. सूर्याशी त्याचं काय देणंघेणं? बांग म्हणजे दवंडी: ही जागा माझी, ह्या कोंबड्या माझ्या, लांब राहा. उजाडायची वेळ त्याच्या अंगातच असते, अंधारातही ती त्याला कळते. पिल्लाचा तलंगा झाला, म्हणजे नर वयात यायला लागला, की चार-पाच महिन्यांत त्याचा घसा फुटतो. पहिली बांग अगदी गंजक्या बिजागरीसारखी. पण खुराड्यात जुना, दांडगा कोंबडा असला तर तलंगा आवाज गिळतो. चुकून दिलाच, तर म्हातारा तुऱ्यातून रक्त काढतो. सासरा ओटीवर बसलेला असताना जावई विडी पेटवतो का? तसंच ते.

तिच्या खुराड्यातला हा दांडगा म्हणजे फौजदार, आणि त्याच्या धाकात यंदाचा एक तलंगा. तांबडा, काळ्या शेपटीचा. पाच वर्षांपूर्वी कुडाळहून येताना तिनं आईच्या कोंबडीची तेरा अंडी भाताच्या तुसात घालून डब्यातून आणली होती. एसटीच्या धक्क्यांतून एकच टिकलं, त्यातून हा निघाला. त्याच वर्षी आई गेली, भावानं खुराडं मोडून तिथं मोटारसायकल लावली. माहेरचं म्हणून जिवंत असं मुंबईत तिच्याकडे एवढंच उरलं होतं. घरातल्या प्रत्येकाला तिनं बजावलं होतं, कोंबड्या मागाल तेवढ्या कापा, फौजदाराला हात लावायचा नाही.

यंदा भावाच्या घरभरणीला ती आठ दिवस कुडाळला गेली. पाचव्या दिवशी सकाळी काशीरामला फोन केला, आधी कोंबड्यांची चौकशी, मग त्याची. फौजदार बरा आहे ना, म्हणून विचारलं तर तो म्हणाला, हा काय, समोर दाणे टिपतोय. आणि त्याच्या पाठीमागून आवाज आला. फाटका, मध्येच अडकलेला, परत खेचून काढलेला. तलंग्यानं बांग दिली होती. एकदा नाही, चार वेळा, आणि कुणी त्याच्या अंगावर धावून गेलं नव्हतं.

मथुरेच्या हातातला चहा तसाच निवला. तरी बाईचं मन बघा, तिला आधी वाटलं, फौजदार आजारी असेल, मी काळजी करीन म्हणून हे लपवतायत. चाळीस वर्षांच्या संसारात एवढा विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

ती परत आली तर अंगणात तांबडा, काळ्या शेपटीचा कोंबडा उभा. पाण्याच्या डब्याशेजारी, मान खाली घालून. खुराड्याच्या पत्र्यावर तलंगा छाती काढून आरवत होता. फौजदाराच्या डाव्या पायाची मागची नखी वाकडी होती, ह्याच्या दोन्ही सरळ. काशीराम म्हणाला, तुझ्या आठवणीनं उतरलाय बिचारा. शेजारच्या सुहासिनीला विचारलं, तर तिनं धुण्याकडे बघतच सांगितलं, तोच गं, तोच. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथं तर ह्यांनी झाकायला दुसरं कोंबडंच आणलं होतं. फळीवरच्या मालवणी मसाल्याची बरणीही चांगली चार बोटं उतरली होती.

रविवारी मालाडहून लेक आली, निशा. तिच्यासमोर मथुरेनं सगळं मांडलं, बांग, नखी, बरणी. निशानं आईचा हात हातात घेतला आणि मऊ आवाजात म्हणाली, "आई, अगं फौजदारच आहे तो. तुला हल्ली नीट दिसत नाही. डोळे तपासून घे ना." काशीरामनं मान डोलावली. जावई मितेश मोबाइलमधून वर बघेचना.

मथुरा घाबरली ती तेव्हा. नवरा खोटं बोलेल, शेजारीण बोलेल, पण पोटची पोर? तिची आई शेवटी शेवटी तिलाच ओळखत नव्हती, कुणाची गो तू, म्हणून विचारायची. आपलंही तेच सुरू झालं की काय? त्या आठवड्यात तिनं दोनदा गॅस बंद केलाय का ते उठून पाहिलं. मीठ घातलं की नाही हे काशीरामला विचारलं. कोंबड्यांबद्दल विचारायला आलेल्या बाईला म्हणाली, मला नाही गं आता काही कळत. काशीराम हे सगळं बघत होता आणि गप्प होता. म्हणायला माणूस वाईट नाही हो, पण असल्या गप्प बसण्याला काय म्हणायचं?

तोच तिला स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तिनं तक्त्यावरची अक्षरं वाचली, अगदी तळाच्या बारीक ओळीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, फक्त वाचायला चष्मा लागेल. काशीरामनं बसल्या जागी टोपी काढली, परत घातली.

बाहेरच्या बाकावर ती बसली. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आता तरी खरा सांगा. माझो फौजदार खंय आसा?"

त्यानं सांगितलं. ती गेली त्याच्या तिसऱ्याच दिवशी निशा आणि मितेश अचानक आले होते. जावई घरी आला म्हणजे वडे-सागोती हवीच, तीही गावठी कोंबड्याची. मग भांडुपहून तसाच दिसणारा दुसरा कोंबडा शोधून आणला.

"तरी मी तलंगोच पकडललंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "निशान सांगल्यान, ह्याच्या अंगावर काय मांस नाय. फौजदारच कापा. आयेक काय्येक कळाचा नाय."

वाटणही तिनंच केलं होतं म्हणे. दुसरा कोंबडा आणायची अक्कलही तिचीच.

मथुरेला रडू आलं नाही. रागही धड येईना. कोंबडा मागितला असता तर तिनं दिला नसता, हे खरं. भांडली असती, चार दिवस बोलली नसती, पाचव्या दिवशी लेकीला फोन केला असता. एवढंच तर झालं असतं. त्यासाठी ह्या पोरीनं आईला वेडी ठरवलं, आणि वर हात धरून.

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. निशाच होती. काय म्हणाले गं डॉक्टर, सगळं ठीक ना, म्हणून काळजीनं विचारत होती.

मथुरेनं नवऱ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "मोतीबिंदू आहे म्हणाले. दोन्ही डोळ्यांत. मला बरोबर दिसतच नव्हतं."

पलीकडे निशानं सुटकेचा श्वास सोडला. तो मथुरेला स्वच्छ ऐकू आला.

"बघ," निशा म्हणाली, "मी तुला म्हटलं नव्हतं?"