सरळ आलेले खांदे

येसाजी आमच्या महाडच्या कॉलेजात शिपाई आहे. गाव कुडपण. ऑफिसात मी बत्तीस वर्षे काढली, त्यांतली चोवीस त्याच्यासोबत. काम नसले की तो पाठकोऱ्या कागदांवर माणसे काढायचा. डोकी मोठी, पाय आखूड, हात गुडघ्यापर्यंत. तरी चित्र कोणाचे हे कधी विचारावे लागले नाही.

त्यातले एक त्याने मला दिले होते. त्याची आई बयाबाई डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन उतरण उतरते आहे. मी ते टेबलाच्या काचेखाली ठेवले. ठेवले खरे, पण मला वेडेवाकडे काही बघवत नाही. एक दिवस मीच म्हणालो, हात चांगला आहे तुझा, जरा रीतसर शीक.

तो शिकला. पन्नाशीला आलेला माणूस दर रविवारी पोलादपूरला ओंकार सरांच्या क्लासात अकरावीच्या मुलींशेजारी बसू लागला. सर त्याच्या मुलाच्या वयाचे. उभा माणूस डोक्याच्या साडेसात पट, कोपर कमरेशी, दोन्ही खांदे एका रेषेत, हे त्याने पाढ्यासारखे पाठ केले. ऑफिसात उभ्या उभ्या तो स्वतःच्या गळ्याखालची हाडे चाचपायचा. टायपिस्ट पूजा विचारायची, "येसाजीमामा, काही हरवलंय का?" दोन वर्षांत त्याची माणसे मापात आली. आता ती कोणाची, हे मात्र तो सांगायचा. आम्ही कौतुक करायचो.

गेल्याच्या आदल्या मार्गशीर्षात बयाबाई वारली. तिचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. वर्षश्राद्धाला आईचे चित्र लावायचे त्याने ठरवले आणि माझ्या काचेखालचा कागद मागून नेला. समोर बसवायला आई नव्हती, म्हणून त्याने त्याच कागदावर खोडरबर चालवला. भारा काढला, पाय लांब केले, पाठ सरळ केली, खांदे जुळवले. फ्रेम करण्यापूर्वी मला दाखवले. मी म्हणालो, "आता बरोबर झालं."

श्राद्धाला मी कुडपणला गेलो. फ्रेम पाटावर मांडली होती. त्याची धाकटी बहीण मैना मुंबईहून आलेली. ती चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

"बाई चांगली हाय रे दादा," ती म्हणाली. "पन कोनाची?"

बायका पदराआड हसल्या. येसाजीने समजावून सांगितले, की आधीचे चुकीचे होते, माणसाचे शरीर असे असते, त्याला माप असते.

"आसंल. आपल्या आयला नव्हतं," मैना म्हणाली. "तिचा डावा खांदा खाली व्हता. भारा वाह्यलाय तिनं जल्मभर. त्ये तू पुसलंस?"

मैनाने फ्रेम उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. पाटावर आधार कार्ड तांब्याला टेकवून उभे केले. त्याला हार कसा घालणार? तिने एक झेंडूचे फूल वर ठेवले. ते सारखे घसरत होते.

या गोष्टीला चार महिने झाले. दुपारी काम संपले की येसाजी पाठकोरा कागद घेऊन बसतो आणि आईचे ते पहिले चित्र पुन्हा काढायला बघतो. डावा खांदा मुद्दाम खाली घेतो, तर चित्रातली बाई लंगडल्यासारखी दिसते. परवा त्याने तसाच एक कागद माझ्यापुढे धरला.

"भाऊसाहेब, चुकीचं जमत नाय आता," तो म्हणाला. "हात आपोआप मापात जातो."

मी कागद पाहिला. प्रमाण उत्तम होते. माझ्या टेबलाच्या काचेखाली त्या जागी सध्या सुट्ट्यांची यादी आहे.