इवाईंचे तीन हौद

जगातला प्रत्येक प्रश्न 'किती मावतात?' इथवर आणून सोडणारा माणूस मी एकच पाहिला, आणि नशीब असं की तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. आमचे अकोल्याचे इवाई. पुण्याकडे व्याही म्हणतात, पण त्या शब्दातला दरारा यांच्यात औषधालाही नव्हता. उभी हयात रेल्वेच्या मालधक्क्यावर वॅगनीत कापसाच्या गाठी चढवून घेण्यात गेलेली. लग्नात जानोशाची, म्हणजे वरपक्षाला उतरवायची, खोली लहान पडली, तर मुलाचे बाप असून रुसायचं सोडून यांनी वऱ्हाड गाठींसारखं रचलं. एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे. वर मलाच म्हणाले, अजून जागा आहे, कोणी असेल तर पाठवा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात सिमेंटचे तीन हौद बांधले आणि मुंबईहून सोनेरी मासे मागवले. हे शोभेचे, खायचे नव्हेत, हे शेजाऱ्यांना समजावता समजावता त्यांच्या नाकी नऊ आले. अकोल्यात पाण्याची बोंब, म्हणून हौदातलं पाणी डब्यानं उपसून प्रत्येक हौदाशेजारच्या खडी भरलेल्या पेटीत ओतायचं. पेटीत मेथी लावलेली. तिच्या मुळांतून गाळलेलं पाणी पुन्हा हौदात. माशांच्या घाणीवर मेथी पोसते आणि मेथी पाणी साफ करते, इथवर मला कळलं. पण पहिल्या हौदात माशांची खेचाखेच, दुसऱ्यात बेताचे आणि तिसऱ्यात एकच जोडी, हे काहून, ते काही उमजेना. विचारायची सोय नव्हती. मी मुलीचा बाप. ते बोलत आणि मी मान हलवी.

खरा घोळ पुढे झाला. जावयांना अमरावतीला, आमच्याच गावी, नोकरी लागली. आता बिऱ्हाड थाटून मुलीला आणायचं, तर इवाई म्हणाले, हौदांचा निकाल लागू द्या. त्यांच्या तीन खोल्यांत तीन मुलगे, सुना, नातवंडं. त्या दाटीत राहिलेलं बरं की वेगळं झालेलं, हे म्हणे मासे सांगतील. मी कपाळाला हात लावला. माझ्या लेकीचा संसार माशांच्या भरवशावर! ती तिकडे अकोल्याला, इकडे जावईबापूंना वर्षभर मी तळहातावर झेलतोय, आणि आमची सौ. रोज विचारतेय, मासे काय म्हणतात?

हिवाळ्यात एकदाचं बोलावणं आलं. दाटीच्या हौदातले मासे बोटाएवढेच राहिले होते, पण त्यांच्या पाण्यावरची मेथी हिरवीकंच. मोकळ्या हौदातली जोडी चांगली वीतभर झालेली, मेथी मात्र पिवळी, मरतुकडी. मधल्या हौदाचं सगळंच मध्यम. मग निकाल कोणता समजायचा? मी तिन्ही हौदांकडे बघून मान हलवली.

इवाई हौदाच्या काठावर टेकले. मग म्हणाले, "हिरवं ठेवाचं असन त दाटी पायजे. मासा वाढवाचा असन त मोकळं पानी पायजे. दोन्ही नाई भेटत, इवाई. पोरीले घेऊन जा."

माझा जीव भांड्यात पडला.

मागोमाग दुसरे दोन मुलगेही नोकरीपायी पांगले. कोणालाच कोंडून ठेवायचं नाही म्हणत इवाईंनी दाटीचे आणि मधल्या हौदातले मासेही वाटून टाकले. विहीणबाई गेल्यावर ते एकटेच उरले. नातवंडांना भेटायला एस.टी.नं मेथीची जुडी घेऊन येत. ती दर खेपेला जरा जास्तच पिवळी असे, पण मुलगी त्यातलं एक पान वाया जाऊ देत नसे.

एकदा मेथीऐवजी कळशी घेऊन आले. आत तीच थोरली जोडी. तिथं करमत नाही त्यांना, म्हणाले, इथं लेकरांत राहू द्या. त्या दिवशी मात्र मी मान हलवली नाही. म्हटलं, इवाई, तुम्हीच का राहत नाही इथं?

त्यांनी मुलीच्या दोन खोल्यांवरून मालधक्क्यावरची नजर फिरवली. "दाटी होईन," ते पुटपुटले.

चुलीपुढून माझी मुलगी म्हणाली, "होऊ द्या, मामाजी. मेथी तरी हिरवी येईन."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले आणि कळशी कुठे ठेवायची ते शोधू लागले.

आता ते नाहीत. मुलीच्या परसात मेथी अजून हिरवीकंच येते. पण त्या तीन हौदांचा निकाल नेमका काय लागला होता, हे मला कोणी विचारलं तर आजही मी नुसती मान हलवतो.