कर्ण्यातला श्वास

जत्रेत माझे वडील, अण्णा, ज्या कर्ण्यावरून पुकारा करायचे, त्याला सदाभाऊ मेकॅनिकनी परवा दुपारी आमच्या अंगणात आवाजाचं नवं युनिट बसवलं आणि चाचणीला अण्णांचीच जुनी कॅसेट लावली. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. जुन्या युनिटमधून त्यांचा आवाज पत्र्यासारखा, खरखरत, लांबून यायचा. आता प्रत्येक पुकाऱ्याआधी त्यांनी घेतलेला श्वासही अगदी कानाशी ऐकू येत होता. मला वाटलं, खरखर होती तोवर अण्णा गेलेले होते.

आतून आई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"घसा कोरडा पडलाय त्यांचा," ती म्हणाली.

सदाभाऊंनी घाईघाईने टेप बंद केला. आई तांब्या धरून कर्ण्यासमोर उभीच राहिली.

"बघ, थांबले प्यायला."