यजमान संघ

"तिले खेळवून काय फायदा? तिले बोलाले लावा. इंग्लिश मीडियमची हाय, पाव्हण्याइले समजन."

आवाज आमच्या स्केटिंगच्या सरांचा होता, आणि 'ती' म्हणजे मी. हॉलमधल्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली मी फडकी पिळत बसले होते, आणि वर ते संयोजन समितीतल्या कोणाशी तरी बोलत होते.

"अन् संघाचं?" त्या माणसानं विचारलं.

"संघ पुण्याकडून येऊन राह्यला. जर्सी तेवढी आपली. आपल्या पोरी पुसाले ठेवू, त्याइले राखेचं समजते."

ऊर्जानगरच्या रिंकवर सरांनी मला पाचवीत असताना पहिल्यांदा चाकांवर उभं केलं होतं. आमच्याकडे वीज केंद्राची राख सगळ्यावर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर, सायकलच्या सीटवर, रिंकवरही. राखेवर चाक घसरतं. म्हणून सरावाआधी आम्ही चौघी ओणव्या होऊन रिंक पुसायचो, आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. सर शिट्टी गळ्यात घालून म्हणायचे, "पुसा बाई हो, पुसा. एखाद दिवशी विदेशी पोरी येतीन इथी. त्याइले हारवाचं हाय तुमाले." आम्ही हसायचो. पण मी मनातून खरं मानायचे.

आणि त्या खरोखरच येणार होत्या. बर्फावरच्या स्केटिंगची रिले शर्यत, बाहेरच्या देशांचे संघ, आणि यजमान म्हणून एक संघ चंद्रपूरचा. दिवाळीनंतर हॉलमध्ये बर्फाऐवजी पांढऱ्या प्लास्टिकच्या लाद्या अंथरल्या गेल्या. त्यांच्यावर पात्यांचे स्केट चालतात. चाकांची सवय मोडताना आमचे गुडघे काळेनिळे झाले. राख मात्र तिथंही आली, खिडक्यांतून. आम्ही तिथंही पुसत राहिलो.

पायऱ्यांखाली ते ऐकलं त्या संध्याकाळी मी घरी बाबांना सांगितलं. ते पहिल्या पाळीहून येऊन चहा पीत होते.

"मले विचारलं होतं सरनं," ते म्हणाले. "म्या हो म्हटलं. अवं, स्टेजवर दिसशीन तू. पडण्याझडण्यापेक्षा बरं नाई का?"

मी काही बोलले नाही. घरात माझं न बोलणं म्हणजे होकारच धरतात.

चौघींमधल्या एकीशी माझी लहानपणापासूनची मैत्री. तिला वाटलं, मीच माईक मागून घेतला. दुसऱ्या दिवशी बादली माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "तू काऊन पुसून राह्यली वं? माईकवाली बाई झाली ना तू. हात खराब होतीन." बाकीच्या दोघी हसल्या. मी ऐकलेलं सगळं तिला सांगता आलं असतं. पण ते सांगायला लागले असते तर रडले असते, आणि तिच्यासमोर मला रडायचं नव्हतं.

मधल्या दिवसांत शहरभर ऑटो फिरला. हिवाळ्यात वडशाच्या झाडीपट्टी नाटकांची जाहिरात करणाराच तो ऑटोवाला, त्याच चढ्या सुरात ओरडायचा, "चंद्रपुरात बर्फ! या, पाहा, बर्फावरच्या पोरी पाहा!" परिणाम असा झाला की स्पर्धेच्या दिवशी भर दुपारी लोक स्वेटर घालून आले. पोरांना माकडटोप्या, म्हाताऱ्यांना मफलर. आत आल्यावर घामाघूम. एक बाई वाकून लादीवर बोट फिरवत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे तं पिलास्टिक होय! थंड बी नाई." तिच्या पोरानं टोपी काढून हातात घेतली आणि तसाच उभा राहिला. मला त्याच्याकडे पाहवेना.

पाहुण्यांपैकी निम्म्यांना माझ्या इंग्रजीची गरज नव्हती. नेपाळच्या संघातली एक मुलगी माझ्याशी सरळ हिंदीत बोलली. मी पाणी द्यायला वाकले तेव्हा तिला माझा गुडघा दिसला असावा.

"तुम भी खेलती हो?"

"नहीं," मी म्हणाले.

पुण्याकडच्या मुली आमच्या रंगाची जर्सी घालून आल्या. पाठीवर मोठ्या अक्षरांत चंद्रपूर. वाईट नव्हत्या त्या. एकीनं मला विचारलं, "ताई, इथं लाद्यांवर सारखी धूळ का येते?" मी सांगितलं, राख आहे ती. तिनं ओठ पुसले.

शर्यतीच्या आधी माझ्या मैत्रिणी शेवटचं पुसून कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या, फडकी हातातच. सरांनी माईक माझ्या हाती दिला आणि खांद्यावर थोपटलं, अगदी पूर्वी शर्यतीआधी थोपटायचे तसं.

"घाबरू नको. एवढंच म्हण, आता येत आहेत आपल्या चंद्रपूरच्या कन्या. टाळ्या वाजू दे. मग तेच इंग्लिशमधी."

चार जर्स्या रांगेत उभ्या राहिल्या. स्वेटर मांडीवर घेतलेले लोक माझ्याकडे पाहत होते. पहिल्या रांगेत बाबा, मोबाइल वर धरून. माझी मैत्रीण खाली पाहत फडक्याची घडी घालत होती. माईकमध्ये माझाच श्वास मोठ्यानं ऐकू येत होता, आणि सर बाजूनं ओठांनी शब्द सांगत होते, जणू मी विसरले आहे.

"ह्या पोरी चंद्रपूरच्या नाई," मी म्हणाले. "चंद्रपूरच्या तिकडं फडके घेऊन उभ्या हायेत. तिघी त्या. चौथी मी होय."